मालकांनीच घर खाली करायला सांगितलंय, मग वर नोटीस मी का द्यायची? आणि डिपॉझिटचं काय?

प्रश्न: ताई, आम्ही पुण्यात भाड्याने राहतो, मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, त्यातले सहा झालेत. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००, त्यातले २०,००० कॅश दिले होते. ४ तारखेला मालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की मुलाचं लग्न ठरलंय, एका महिन्यात फ्लॅट खाली करा. आम्ही धावपळ करून दुसरं घर शोधलं, ते २० तारखेपासून मिळतंय. हे सांगितलं तर म्हणतात, मधेच जाताय तर तुम्ही मला एक महिन्याची नोटीस द्यायला पाहिजे होती, आता एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार, पेंटिंगचे १२,००० वेगळे, आणि बाकीचं लग्न झाल्यावर बघू. या महिन्याचं भाडं मी ५ तारखेला भरलंय. आई म्हणते भांडत बसू नको, देतील ते घे आणि नीघ. मला झोप लागत नाहीये.

उत्तर:

आधी तुमच्या आईंबद्दल बोलते. त्या भांडण नको म्हणतात ते बरोबरच आहे, पण स्वतःचे पैसे मागणं म्हणजे भांडण नव्हे. मालकांच्या हिशोबाने ६०,००० मधून १८,००० आणि १२,००० गेले की उरतात ३०,०००, म्हणजे अर्धं डिपॉझिट, आणि तेही कधी मिळणार ते माहीत नाही. नवीन घराचं डिपॉझिट, टेम्पो, ब्रोकरेज हे सगळं तुम्हाला आत्ता द्यायचंय. त्यामुळे सोडून द्या असं मी अजिबात म्हणणार नाही.

आता मुद्द्याचं. नोटीस दोघांनी द्यायची नसते, जो करार मोडतोय त्याने द्यायची असते. ती मालकांनी दिलीये, ४ तारखेला, एक महिन्याची, म्हणजे तुमचं लायसन्स (करारातली घरात राहायची परवानगी) पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला संपतंय, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. आता समजा त्यांचं ऐकून तुम्ही आज एक महिन्याची नोटीस दिली, तर ती संपणार कधी? पुढच्या महिन्यात ४ तारखेच्या नंतर. म्हणजे जो करार त्यांच्या नोटिसीने आधीच संपलेला असेल तो तुम्ही परत संपवणार, याला काही अर्थच नाही. त्यांच्या नोटिसीवर तुमची वेगळी नोटीस लागत नाही, आणि ती दिली नाही म्हणून एक महिना कापणं कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही जोरात बोलायला जाल आणि तिथे अडकाल. मालकांनी जा म्हटलं म्हणजे उद्यापासून भाडं बंद, असंही नाहीये. नोटिसीचा महिना पूर्ण होईपर्यंत घर तुमच्याकडे आहे, तोवरचं भाडं तुमच्याकडे लागतं, तुम्ही त्यात राहा नाहीतर कुलूप लावून ठेवा. २० तारखेला निघालात म्हणून भाडं आपोआप २० ला थांबत नाही, ते थांबवायचं तर मालकांनी हो म्हणायला पाहिजे, आणि ते लेखी.

मग देणं किती निघतं ते बघा. १८,००० भागिले ३०, दिवसाचे ६००. या महिन्याचं पूर्ण भाडं तुम्ही भरलंय. पुढच्या महिन्यातले ४ दिवस, ६०० प्रमाणे २,४००. बास, अगदी त्यांच्या बाजूने हिशोब केला तरी भाड्यापोटी ते जास्तीत जास्त २,४०० मागू शकतात, १८,००० नाही. आणि ते २० तारखेला घर ताब्यात घ्यायला तयार झाले तर उलट तुमचेच १० दिवसांचे ६,००० त्यांच्याकडे निघतात. हे आकडे एका कागदावर लिहून समोर ठेवा, कारण बोलण्यात एक महिना एक महिना असं सगळे म्हणत राहतात आणि कुठला महिना, कुठल्या तारखेपासून, हे कोणी विचारतच नाही.

आता हे सगळं तुमच्या अ‍ॅग्रीमेंटवर टिकतं, म्हणून आज पहिलं काम काय तर अ‍ॅग्रीमेंट वाचणं, सगळी पानं. लोकांकडे बहुतेकदा ब्रोकरने पाठवलेला पहिल्या पानाचा फोटो असतो, त्याच्यावर भाडं आणि पत्ता सोडून काही नसतं. ज्या एजंटने घरी येऊन अंगठे घेतले होते त्याच्याकडून रजिस्टर झालेली पूर्ण पीडीएफ मागवा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या, लॉक-इन (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) किती महिन्यांचं आहे, नोटिसीचा क्लॉज काय म्हणतो, आणि डिपॉझिट कधी परत करायचं लिहिलंय.

लॉक-इन नीट बघा कारण तुमचं वजन त्याच्यावर आहे. समजा लॉक-इन सहा महिन्यांचं होतं आणि ते संपलंय, तर एक महिन्याची नोटीस देऊन मालक घर मागू शकतात, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण लॉक-इन पूर्ण ११ महिन्यांचं असेल आणि ते दोघांनाही लागू असेल, तर मुलाचं लग्न हे कितीही आनंदाचं कारण असलं तरी त्यासाठी ते तुम्हाला मधेच काढू शकत नाहीत. पैसे घेऊन दिलेलं लायसन्स भाडेकरूची काही चूक नसताना मुदतीआधी काढून घेतलं तर त्याला नुकसानभरपाई मागता येते, हे १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ६४ मध्ये आहे. मी तुम्हाला भरपाईसाठी कोर्टात जा म्हणत नाहीये, पण बोलताना हे माहीत असलं की आवाज बदलतो. तुम्ही म्हणू शकता, काका, मुदत बाकी असताना तुमच्या अडचणीसाठी मी घर सोडतेय, मग २० तारखेचा हिशोब तुम्ही मान्य करा. यात भांडण कुठेच नाही, तुम्ही त्यांची सोय बघताय, त्यांनी तुमची बघावी एवढंच.

समजा अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच झालेलं नसेल, नुसतं नोटरी केलेलं असेल, तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर असायलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी. आणि न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. (जुन्या वाड्यात, चाळीत पागडीने राहणाऱ्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नका, तुमचं संरक्षण वेगळं आणि बरंच जास्त आहे.)

आता ते कॅशचे २०,०००. खरं सांगू, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. अ‍ॅग्रीमेंटमध्ये डिपॉझिट ६०,००० लिहिलंय की ४०,००० हे आधी बघा. ६०,००० असेल तर प्रश्न मिटला. ४०,००० असेल तर वरच्या वीस हजारांचा पुरावा तुम्हाला आत्ताच तयार करायचाय, वाद पेटायच्या आधी, आणि तो सरळ मेसेजने होतो. लिहा की काका, आपला हिशोब करायला घेतलाय, आपलं एकूण डिपॉझिट ६०,०००, त्यात ४०,००० बँकेतून आणि २०,००० रोख, बरोबर ना? ते नुसतं हो म्हणाले, अंगठा दाखवला, किंवा त्यातून पेंटिंगचे कापणार म्हणून हिशोब सुरू केला तरी तुमचं काम झालं. त्या काळात बँकेतून काढलेल्या पैशांची एंट्री असेल तर स्टेटमेंट काढून ठेवा. आणि हे चॅट डिलीट करायचं नाही, नवीन फोन घेतला तरी जुना फोन विकायचा नाही, कारण पुढे लागलंच तर नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, मूळ फोन आणि त्याचं सर्टिफिकेट विचारतात.

पेंटिंगचं काय. क्लॉज बघा. घर सोडताना पेंटिंगचे अमुक इतके कापले जातील असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ते मुदत पूर्ण झाल्यावरचं आहे का, मधेच मालकांनीच काढलं तरी आहे का, एवढंच बोलता येईल, सरसकट नाही म्हणता येणार नाही. पण तसं काही लिहिलेलं नसेल तर सहा महिने राहिलेल्या कुटुंबाकडून पूर्ण घराचं पेंटिंग घेणं योग्य नाही. वापराने होणारी झीज वेगळी आणि तुम्ही केलेलं नुकसान वेगळं. सोफ्याच्या मागे भिंतीला आलेली मळकट रेघ, पडद्याच्या रॉडची दोन भोकं, बाथरूमच्या दाराला खाली सुटलेला पापुद्रा, ही झीज आहे. मुलीने हॉलच्या भिंतीवर स्केचपेनने घोडा काढला असेल तर तो तुमचा खर्च आहे, आणि तेवढी एक भिंत करून द्यायची तयारी तुम्ही आपणहून दाखवा, समोरचा माणूस नरम होतो. कपाटामागे बुरशी आली असेल तर तिथे हात लावून बघा, ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर ते लीकेज आहे, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. आणि काहीही कापायचं असेल तर बिल दाखवा म्हणा, अंदाजे १२,००० हा हिशोब नसतो.

आता डिपॉझिट कधी मिळणार. लग्न झाल्यावर बघू याला काहीच आधार नाही. डिपॉझिट हे मालकाचं उत्पन्न नाही, ते तुमचे पैसे आहेत, त्यांच्याकडे ठेवायला दिलेले. बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमध्ये घराचा ताबा परत दिला की त्याच वेळी डिपॉझिट परत असंच लिहिलेलं असतं. केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट आणला त्यातही राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि ताबा घेतानाच ते परत, असंच आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे त्याचा दाखला देऊन वाद घालू नका, तुमचा क्लॉज दाखवा.

इथे माझाच अनुभव सांगते, कारण त्यानंतर मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आलेय. आम्ही घर सोडलं तेव्हा मालक गावाला होते, ब्रोकर म्हणाला चावी माझ्याकडे द्या, डिपॉझिट दोन दिवसांत अकाउंटला येईल. टेम्पो खाली उभा होता, रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मुलं पेंगत होती, मी चावी दिली, साधी एक ओळ लिहून घेतली नाही. मग गिझर बंद पडलाय, मग सिंक चोंदलंय, मग किचनच्या ओट्याला तडा गेलाय, रोज नवीन काहीतरी निघायला लागलं आणि ते खोटं आहे हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. सात महिने लागले आणि पूर्ण पैसे आलेच नाहीत. चावी हातातून गेली की आपल्या फोनला उत्तर द्यायची गरज समोरच्याला राहत नाही.

म्हणून तुम्ही असं करा. २० तारखेला सामान हलवा, पण मालक त्या दिवशी डिपॉझिट द्यायला तयार नसतील तर चावी देऊ नका. ४ तारखेपर्यंतचे पैसे तुम्ही देताय ना, मग ४ पर्यंत घर तुमच्या ताब्यात आहे, कुलूप लावा आणि सांगा की तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी येते, तुम्ही घर बघा, यूपीआयने किंवा बँकेतून पैसे पाठवा आणि चावी घ्या. त्यांना लग्नासाठी घर रंगवायचंय, फर्निचर करायचंय, चावीची घाई त्यांनाही आहे.

पण ४ तारखेच्या पुढे चावी अडवून बसायचं का, तर माझं मत नाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. काही अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं की डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडेकरूला फुकट राहता येईल, तुमच्यात तसं लिहिलेलं असेल तर तुम्ही भक्कम आहात. नसेल तर ४ तारखेच्या दोन दिवस आधी मेसेज आणि ईमेल टाका की अमुक दिवशी अमुक वाजता मी ताबा द्यायला घरी हजर आहे, कृपया डिपॉझिट घेऊन या, आणि खरंच तिथे जाऊन थांबा. पैसे आणले नाहीत तरी चावी देताना एका कागदावर लिहून घ्या, आज या तारखेला फ्लॅटचा ताबा चांगल्या स्थितीत मिळाला, दोन चाव्या मिळाल्या, डिपॉझिटचे इतके रुपये देणं बाकी, इतक्या तारखेपर्यंत देईन, खाली त्यांची सही. सही नाही म्हणाले तर तोच मजकूर तिथेच उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा.

त्याआधी व्हिडिओ. सामान गेल्यावर, दिवसाउजेडी, एकच सलग, दारापासून सुरू करून प्रत्येक खोली. नळ सोडून पाणी येतंय दाखवा, फ्लश ओढा, गिझरचा दिवा लागतो तो दाखवा, पंखे, ट्यूबलाइट लावा, ओट्यावर हात फिरवा, खिडक्यांच्या काचा, कपाटाची दारं उघडून आतलं. शेवटी खाली मीटरपाशी जा आणि रीडिंग आणि मीटर नंबर एकाच फोटोत घ्या, कारण शेवटचं लाइट बिल तुम्ही गेल्यावर येतं आणि पुढच्या लोकांची युनिटंही त्यात धरली जातात. सोसायटीच्या मेंटेनन्सचं, गॅस पाइपलाइनचं काही बाकी नाही ना तेही विचारून घ्या, सामान बाहेर काढायला गेटवर मालकांचा मेसेज किंवा एनओसी लागत असेल तर ती आधी मागून ठेवा, नाहीतर नेमका टेम्पो अडवतात.

मधल्या काळात पाणी बंद करणं, लाइट तोडणं, कुलूप बदलणं असलं काही झालं तर ते चालवून घेऊ नका. मालकाला घर हवं असेल तर त्याने कायदेशीर मार्गाने घ्यायचं, मुदत संपल्यावरही त्याला कॉम्पिटंट अथॉरिटीकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो, स्वतः सामान बाहेर काढता येत नाही. जबरदस्ती झाली तर ११२ ला फोन करा, आणि ताबा जबरदस्तीने घेतला तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. तुमचे मालक त्या वळणाचे वाटत नाहीत, पैशाची ओढाताण असलेलं लग्नघर वाटतंय, पण माहीत असावं.

आणि एवढं करून पैसे अडकलेच तर? पोलीस म्हणतील हे सिव्हिल मॅटर आहे, डिपॉझिटपुरतं ते चूक नाहीये. वकिलाकडून एक नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. बरेच जण तिथेच देतात. वकिलाची फी परवडत नसेल तर लक्षात ठेवा, बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीज अ‍ॅक्टमध्ये ती तरतूद आहे. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. अ‍ॅग्रीमेंटवर तुमचं नाव असेल तर अर्ज तुम्हीच करा. दावा लावायच्या आधीच दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायची सोय तिथे आहे, आणि तुमच्यासारख्या प्रकरणात मला तेच सगळ्यात बरं वाटतं, कारण अशा पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असली तरी कोर्टात जाणारा वेळ वेगळाच.

आज रात्री एवढा एकच मेसेज टाका, कॉल नाही, मेसेज. तुम्हाला जमेल तसं बदला पण आकडे आणि तारखा तशाच ठेवा: "काका, तुमच्या ४ तारखेच्या मेसेजप्रमाणे आम्ही घर खाली करतोय. लग्नाच्या मनापासून शुभेच्छा. आम्ही २० तारखेला सामान हलवतोय. तुम्ही त्या दिवशी ताबा घेतला तर भाडं २० तारखेपर्यंतचं धरू आणि उरलेल्या १० दिवसांचे ६,००० आमच्याकडे परत येतील. ते जमत नसेल तर तुमच्या नोटिसीप्रमाणे पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला ताबा देतो, त्या ४ दिवसांचे २,४०० डिपॉझिटमधून वजा करा. एकूण डिपॉझिट ६०,०००, त्यात २०,००० रोख दिले होते. लाइट बिल मीटर रीडिंगप्रमाणे. बाकी काही वजा करायचं असेल तर अ‍ॅग्रीमेंटमधला क्लॉज आणि बिल पाठवा. चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी, तुम्ही दिवस सांगा."

आईंना पण वाचून दाखवा, त्यात एकही वाकडा शब्द नाहीये. मालकांचं उत्तर आलं की मला कळवा, आणि अ‍ॅग्रीमेंटमधला डिपॉझिटचा क्लॉज फोटो काढून पाठवला तर तो बघून पुढचं सांगते. फक्त त्यावरची नावं आणि आधार नंबर झाकून पाठवा.